दिलेल्या पत्त्यावर राहत नाही

माझ्या ओट्यावर, माझ्याच खुर्चीत बसून मी वाचत होते की मी इथे राहत नाही. मोबाईलवर पासपोर्टच्या अर्जाची स्थिती उघडली होती. तिथे सरकारी इंग्रजीत लिहिलं होतं की पोलीस पडताळणीचा अहवाल प्रतिकूल आहे आणि अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत असल्याचं आढळलेलं नाही. मी उठून घरात गेले. गॅसवर भात होता, दोरीवर माझे कपडे होते, कपाटाच्या आरशात मी होते. परत बाहेर येऊन तेच दुसऱ्यांदा वाचलं. एवढ्या ठामपणे माझ्याबद्दल आजवर कोणी काही लिहिलं नव्हतं.

माझी सगळी नोकरी तलासरीच्या पूर्वेला, डोंगरातल्या एका उपकेंद्रावर नर्स म्हणून झाली. तिथेच एका शेतकऱ्याच्या घरात खोली घेऊन राहत होते. लग्न केलं नाही, त्याची चौकशी लोकांनी करून करून सोडून दिली. निवृत्त झाले आणि गेल्या दिवाळीनंतर वाढवणच्या अलीकडे, समुद्राजवळच्या आमच्या जुन्या घरात राहायला आले. आईबाप गेल्यापासून ते बंदच होतं. कौलं बदलली, विहिरीवरची मोटर दुरुस्त करून घेतली, आणि आता निवांत पाय पसरून बसायचं असं ठरवलं.

पण थंडीत भाचीचा मस्कतहून फोन आला. माझी थोरली बहीण लग्नानंतर तिकडे गेली ती तिकडचीच झाली. मेव्हणे वारले तशी ती मुलीकडे राहते. दोन-तीन वर्षांपासून तिचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आज कोणता वार. भाची म्हणाली, "मावशी, आईला तिकडे आणता येणार नाही, डॉक्टर नको म्हणतात. जागा बदलली की ती घाबरते. तूच ये. उन्हाळ्यात ये. अजून तुला ओळखते ती. पुढचं मला सांगता येत नाही."

मी पेशंटच्या घरच्यांना असलं आयुष्यभर सांगत आले, त्यामुळे या वाक्याचा अर्थ मला समजावून द्यावा लागला नाही. ताईने मला लहानपणी अंगाखांद्यावर वाढवलं. आई टोपली घेऊन मासळी विकायला जायची, घरात आम्ही दोघीच. वेणी तिने घातली, अक्षर तिने गिरवून घेतलं, नर्सिंगला जायचं म्हटल्यावर बापाशी भांडली ती. तिच्या डोक्यात मी अजून होते, आणि ती मला टाकून द्यायच्या आत मला तिथे पोचायचं होतं. एवढंच काम होतं.

कपाटातून पासपोर्ट काढला तर त्याची मुदत संपलेली. मी एकदाच परदेशी गेले होते, ताईकडेच. मग वाणगावला बाजारात जो कॉम्प्युटरवाला आहे त्याच्याकडे जाऊन अर्ज भरला. माणूस गुजराती, मराठी आमच्याइतकंच बोलतो, फक्त दिलासा द्यायची वेळ आली की गुजरातीत शिरतो. भेटीची तारीखच मिळेना. रोज सकाळी तो बटण दाबायचा आणि रोज सगळ्या तारखा भरलेल्या. "थई जशे, मावशी," तो म्हणायचा. "उन्हाळ्यात सगळ्यांनाच फिरायला जायचं असतं ना." फिरायला! मला त्याच्या टेबलावरचा पंखा उचलून आपटावासा वाटला. पण तारीख त्याच्याच हातून मिळायची होती, म्हणून गप्प बसले.

अखेर तारीख मिळाली, कागद दाखवून झाले, बोटांचे ठसे झाले. पत्ता बदललेला, म्हणून पोलीस घरी येऊन खात्री करणार होते. आणि वर्षभरात दुसरीकडे राहिला असाल तर तोही पत्ता द्या असं होतं, म्हणून मी इमानदारीने तलासरीकडचा पत्ताही दिला. म्हणजे चौकशी दोन्हीकडे. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. दोन्हीकडे मला ओळखणारी माणसं होती.

आणि मग तो अहवाल.

शेजारच्या वहिनीला मी कुंपणावरूनच विचारलं, "वहिनी, मागल्या आठवड्यात कोणी पोलीस आला होता का गं, माझी चौकशी करायला?" ती सुकट निवडत बसली होती. तिने मान वर केली आणि चेहरा असा फुलला की जणू मी तिला शाबासकी द्यायला आले होते.

"आला होता ना एक! तू वाणगावला गेलीवतीस भाजी आनाया. साध्या कपड्यात आला, पन बूट बघितलं ना मी. बूट खाकीचेच. तुझं नाव घेऊन इचारीत होता. मी सरळ बोलली, असं कोनी नाय रेत इथं. घर बंद हाय कवापासून."

"अगं, पण का?"

"का म्हंजे? मी काय तुला पकडून देवू?"

समोरच्या घरात तो माणूस गेला होता, तिथे दागिन्यांचे साचे, डाय, बनवणाऱ्या भावांनीही हेच सांगितलं होतं. गल्लीच्या टोकाला म्हातारे जाळं विणत होते, त्यांनी तर आपल्याला ऐकूच येत नाही असं दाखवलं. कोणी कोणाला विचारलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. नव्या बंदराचं आणि त्याला विरोध करणाऱ्यांच्या धरपकडीचं सुरू झाल्यापासून आमच्याकडे हे असंच आहे. परका माणूस गावात शिरून कोणाचं नाव विचारू लागला की सगळी गल्ली एका तोंडाने सांगते, असं कोणी राहत नाही. पोरंसुद्धा शिकली आहेत. मी डोंगरातून नुकतीच आलेली, मला हे माहीत नव्हतं. गावाने मला आपलं मानलं होतं, आणि आपलं मानल्यामुळेच मी नाही असं सांगून टाकलं होतं.

हसावं की रडावं कळेना. वहिनीला समजावून सांगितलं, तेव्हा ती कपाळावर हात मारून बसली. पण तिच्यावर रागवायचं तरी कसं. मी म्हटलं, "तू चांगलंच केलंस. नशीब माझं."

इथून पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी नर्स. मेलेली माणसं धुतली, पुसली, बांधली. भूतखेत मी मानत नाही आणि मानणाऱ्यांना मी चांगलं फैलावर घेतलेलं आहे. तरीही.

दर एक-दोन दिवसांनी संध्याकाळी मी ताईला फोन करायची. एकदा बोलता बोलता मी म्हटलं, आपल्या विहिरीला यंदा पाणी चांगलं आहे. ती म्हणाली, "कुठली विहीर?" मी सांगितलं, मागची, जिथे तू मला पाणी काढायला शिकवलंस. ती समजूत काढल्यासारखी म्हणाली, "असेल." दुसऱ्या दिवशी दुपारी मी आडवी झाले होते, तर मागून रहाट करकरला. आमच्या विहिरीवर रहाट नाही. मोटर बसवली तेव्हाच तो काढून टाकला. मी उठून मागे गेले. विहिरीवर जाळी टाकलेली होती, तशीच होती.

पुढच्या आठवड्यात तिच्याकडून 'जवळा' हा शब्द हरवला. कोळ्याची पोर ती. "ते गं, बारीक असतं, वाळवतात, गुलाबी," असं ती चाचपडत राहिली. मी शब्द दिला, तो तिने परक्यासारखा दोनदा म्हणून पाहिला. दुसऱ्या दिवशी घरभर भाजलेल्या जवळ्याचा वास. माझा सोमवार होता, चूल थंड होती, वहिनी डहाणूला बाजारात गेलेली. मी खिडक्या उघडल्या, वारा आला, वास हलेना.

मग माझ्या मनात एक वेडी गोष्ट बसली. ती तिकडे जे जे विसरते ते इकडे निघून येतं. त्याला दुसरीकडे जायला जागाच नाही. तिने टाकून दिलेलं एकेक या घरात येऊन बसतंय, आणि मी एकटी त्यात वावरतेय. माणूस जिवंत आहे, मस्कतला बसून चहा पितंय, आणि त्याचं अर्धं घर इथे भरलंय. आमच्या आईच्या खोकण्याचा आवाज मला ऐकू आला त्या दिवशी मी भाचीला मुद्दाम फोन करून विचारलं. ती म्हणाली, "हो, काल आईला आजीचा फोटो ओळखता आला नाही. तुला कसं कळलं?" मी काहीतरी थाप मारली.

त्या आवाजांची मला भीती नव्हती, ते घरचेच होते. भीती होती ती माझी. एक दिवस ती मला विसरेल आणि मग मीही यांच्यातच येऊन बसेन, असं वाटायचं. इथे राहत नाही असं तर आधीच लिहून झालं होतं. कधी कधी दुपारी गल्लीतून कोणी माझ्याकडे न बघता गेलं, की मी उगाचच मोठ्याने खोकून दाखवायची. लाज वाटते सांगायला, पण खोकायची.

फोनवर ती दर वेळी विचारायची, कधी येतेस? आणि मी दर वेळी तेच सांगायची, "अगं, पासपोर्ट अडकलाय. आला की निघाले."

चौकशी पुन्हा करून घ्यायची तर आधी घोळ निस्तरायला हवा होता. पोलीस ठाण्यातल्या माणसाने फाईल बघून मला शांतपणे सांगितलं की तलासरीकडच्या अहवालात मी तिथे राहते असं आलं आहे. "तिकडे तुम्ही आहात आणि इकडे नाही. मग इकडचा पत्ता खोटा ठरतो, बाई." मी म्हटलं, तिथून मी सगळं आवरून आलेय. तो म्हणाला, "ते तिकडच्यांना सांगा."

भर उन्हात एसटीने तलासरी आणि तिथून जीपने डोंगरात गेले. घरमालकीण अंगणात नागली पाखडत होती. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मला बघून सूप बाजूला ठेवलं आणि जराही नवल न वाटता म्हणाली, "आली का सिस्टर?" सगळा मुलूख मला सिस्टर म्हणायचा. सगळ्यांची सिस्टर, आणि सख्ख्या बहिणीकडे जाता येत नव्हतं.

तिने माझी खोली उघडून दिली. मी उंबऱ्यातच थांबले. खोली सारवलेली होती. मी सोडून दिलेली गोधडी घडी करून खाटेवर ठेवलेली होती, जुन्या चपला दाराशी सरळ लावलेल्या, आणि कोपऱ्यातला माठ भरलेला. मी झाकण काढून बघितलं. पाणी ताजं होतं, सकाळचं. दिवाळीपासून ती रोज माझा माठ भरत होती. पोलीस आला तेव्हा तिने त्याला हेच सगळं दाखवलं. माझ्याशिवाय माझं सगळं तिथे सुरू होतं, आणि समुद्राकाठी जे घडत होतं त्याहून मला इथे जास्त भ्यायला झालं.

"अगं, मी तर गेले ना इथून. सामान नेलं. तू त्याला राहते असं कसं सांगितलंस?"

"तू काय बोललीस जाताना?" तिने विचारलं.

मला आठवेना.

"'येते' बोललीस. याच दारात उभी राहून. 'येते हां' बोललीस."

तसं तर कोणीही म्हणतं. घराबाहेर पडताना 'जाते' कोण म्हणतं? दुकानात निघालो तरी आपण 'येते' म्हणून निघतो. मी तिला ते सांगू लागले, तर ती चिडली. "मंग मी पोलिसाला 'ती गेली' सांगू? जित्या मानसाला 'गेली' सांगू? मना नाय जमायचं. तुना काय झालं तं?"

 किती घरांत मी स्वतः ओटीवर येऊन हा शब्द हळू आवाजात सांगितला होता. तो शब्द त्या बाईने माझ्यासाठी वापरावा असा हट्ट धरायला मी ऊन तुडवत आले होते. मी तिला ताईचं सांगितलं. विसरण्याचं सांगितलं, उन्हाळा सरत चाललाय ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही. दुसऱ्या कोणाकडून सांगवून घे म्हणाली. पण चौकशीला येणारा माणूस आधी घरमालकालाच विचारणार होता.

मग मीच गोधडी उचलली. चपला पिशवीत घातल्या. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. ती दारात उभी राहून बघत होती, मदत करत नव्हती आणि अडवतही नव्हती. शेवटी माठ राहिला. तो मी उचलायला वाकले, तेव्हा तिने मला हाताने मागे सारलं, स्वतः कमरेवर घेतला, अंगणातल्या शेवग्याच्या बुंध्याशी नेला आणि सगळं पाणी ओतलं. माठ पालथा घालून ठेवला. मग पदराने हात पुसत म्हणाली, "आता इचारील तं सांगेन, खोली खाली हय." ते खरं होतं, आणि त्यात तो शब्द नव्हता. मला रडू फुटलं. तिने मला भाकरी खाऊन जायला लावलं. निघताना मी काहीच बोलले नाही. काय बोलावं तेच कळेना, नुसती तिच्या पाया पडले आणि जीपमध्ये बसले.

इकडे दुसऱ्या चौकशीला पोलीस आला तेव्हा वहिनीने अख्खी गल्ली माझ्या ओट्यावर आणून उभी केली. ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यांनासुद्धा त्या दिवशी ऐकू येत होतं. "ही इथंच रेते. जलमली इथं. हिची आई माझ्या सासूबरोबर बाजारात बसायची," वहिनी त्याला ठणकावून सांगत होती. पण त्याने शेजाऱ्याची सही मागितली तशी सगळ्यांची तोंडं बंद झाली. आमच्या गल्लीत खाकी बुटांपुढे कागदावर सही कोणी करत नाही. उद्या कागद कुठे फिरवला जाईल, त्यावर काय लिहिलं जाईल, कोणी सांगावं? वहिनीने कागद हातात घेतला, उलटा केला, मागची कोरी बाजूसुद्धा नीट बघितली. मग माझ्याकडे बघितलं. सही कर म्हणायचा मला हक्क नव्हता. तिने सही केली. पोलीस गेल्यावर मला म्हणाली, "तुझ्या बहिनीसाठी केली. माझं माहेर पन याच गावातलं, लहानपनी मला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायची ती." आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

तरीही पासपोर्ट लगेच आला नाही. उन्हाळ्याची गर्दी, फाईल वरच्या ऑफिसात, हे नाही नि ते नाही. पावसाच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायची वेळ आली तेव्हा तो पोस्टमनच्या हातून आला. मी तिथल्या तिथे पाकीट फाडलं. आतल्या फोटोत मी भेदरलेली दिसत होते. पत्ता मात्र बरोबर होता. व्हिसा भाचीने काढला, तिकीटही तिनेच पाठवलं. निघायच्या आधी ताईशी बोलावं म्हणून फोन केला, तर भाची म्हणाली, "आता फोन नको, मावशी. आवाज ऐकला की ती गोंधळते. तू ये फक्त."

मस्कतला भाची घ्यायला आली होती. गाडीत ती खूप बोलली, बाजारहाट, पोरांची शाळा, उकाडा. आईबद्दल काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. पेशंटचे नातेवाईक कधी असं बोलतात ते मला माहीत आहे.

ताई खिडकीशी बसली होती. केस नीट विंचरलेले, साडी नीट नेसलेली. बारीक झाली होती. भाची म्हणाली, "आई, बघ कोण आलंय." तिने माझ्याकडे बघितलं. अगदी आदबीने, पाहुण्याकडे बघतात तसं. "बसा ना," ती म्हणाली. ताईने मला अहोजाहो केलं. मी तिच्यासमोर बसले. तिचा हात हातात घ्यायचा होता, पण परक्या बाईचा हात धरल्यासारखं तिला वाटेल म्हणून घेतला नाही.

"तुम्ही इंडियातून आलात?" तिने विचारलं.

"हो. डहाणूकडून."

ती एकदम पुढे सरकली. डोळ्यांत जाग आली. "मग तुमची तिकडे पासपोर्टच्या ऑफिसात कोणाशी ओळख असेल. माझी धाकटी बहीण यायची आहे. तिचा पासपोर्ट अडकलाय."

भाची आत निघून गेली. मी म्हटलं, "आहे ओळख. मी सांगते त्यांना."

"लवकर सांगा हं," ताई म्हणाली आणि दाराकडे एकदा बघून तिने आवाज खाली आणला. "उशीर झाला तर मी तिला ओळखणार नाही, असं माझी मुलगी म्हणते."